तारेला लावलेली पत्रं

श्रोतेहो, आज देगलूर, बिलोली, मुखेड, उदगीरकडच्या मंडळींशी जरा जास्त बोलायचं आहे, कारण ज्या मालाबद्दल बोलणार आहे तो तुमच्याच घरात पडून आहे. माळ्यावर, कोनाड्यात, नाहीतर आजीच्या ट्रंकेत लुगड्यांच्या खाली. जुनी पत्रं. दसऱ्याची साफसफाई जवळ आली की माझ्या पोटात गोळा येतो. डबे, बाटल्या, मोडकी छत्री यांच्याबरोबर ती रद्दीवाल्याच्या काट्यावर चढतात. तेवढं करू नका, हेच सांगायला आलोय. मधेमधे पुन्हा सांगेन, कंटाळू नका.

परवाच १७ सप्टेंबर, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन झाला. झेंडावंदन झालं, भाषणं झाली. १९४८ साली १३ तारखेला भारताच्या फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ला निजाम शरण आला, हे शाळेतल्या पोरांनाही पाठ आहे. स्वातंत्र्यसैनिकांनी लुटलेली उमरीची बँक, अर्जापूरचे हुतात्मा गोविंदराव पानसरे, हेही तुम्हाला मी काय सांगावं? मला वेगळंच विचारायचं आहे. निजामाच्या बाजूने उठलेल्या रझाकारांच्या त्या धामधुमीत देगलूरच्या बाजारात ज्वारी मिळत होती का? बायका विहिरीवर एकट्या जात होत्या का? रात्री घरात दिवा लावायचा की अंधारात जेवायचं? सांगा, कुठल्या भाषणात ऐकलंत हे?

लढ्याचे नेते स्वामी रामानंद तीर्थांनी त्याच्या आठवणी लिहिल्या, अनंतराव भालेरावांनी त्यावर एवढा मोठा ग्रंथ लिहिला. ते नसतं तर आपण चाचपडतच राहिलो असतो. पण मागाहून लिहिलेली आठवण म्हणजे तूप. दूध तापलं, विरजलं, घुसळलं, लोणी कढवलं, बेरी गाळली, मग ते रवाळ होऊन बरणीत आलं. टिकतं, वासही छान येतो. पत्र म्हणजे धारोष्ण दूध. फेस असतो, काडीकचरा असतो, गाईने लाथ झाडली तर निम्मं सांडलेलंही असतं. त्यात पाणीही असतं बरं का, म्हणजे अफवा. अमुक गाव जाळलं असं लिहिलेलं असतं आणि गाव जागच्या जागी असतं. असू द्या. त्या दिवशी माणसं कशाला भीत होती ते त्या पाण्यातच तर कळतं! दुधाचं तूप होतं, तुपाचं दूध काही होत नाही. आणि दर १७ सप्टेंबरला आपण पानात वाढतो ते सगळं तूपच.

आता पत्र वाचायचं कसं? समजा १९४८ सालातलं एक कार्ड तुमच्या हाती आलं. क्षेम, नमस्कार, म्हैस व्याली, पाऊस बरा आहे, आणि शेवटी एक ओळ, की दोघी पोरींना मामाकडे पोचवलं आहे, तूर्त तिकडेच राहतील. तुम्ही म्हणाल, यात काय आहे? अहो, यातच सगळं आहे. सुगी तोंडावर असताना कामाच्या पोरी कोणी उगीच मामाकडे धाडतं का? टपाल कोणीतरी वाटेत वाचेल ही धास्ती होती, म्हणून माणसं आडून लिहीत. पानिपतच्या पराभवाची बातमी नाही का मोत्यांच्या आणि मोहरांच्या आडून आली? तशीच ही. म्हशीच्या मागे काय दडलंय ते बघायचं.

तारखेने गोंधळू नका. निजामाच्या मुलखात फसली सन चालायचा आणि महिने आजूर, दै, बहमन असे. फसली सनात ५९० मिळवले की इसवी सन येतो. १३५७ दिसला की समजा, हेच ते वर्ष, ऑक्टोबर १९४७ पासूनचं. पत्र मोडीत असेल, उर्दूत असेल. त्या काळी आपल्याकडे वरचं शिक्षण उर्दूतून चाले. वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नका. वाचणारा सापडतो, गेलेला कागद सापडत नाही.

पूर्वी घरोघरी पत्रं वाकवलेल्या तारेला टोचून खुंटीला टांगत. तसा झुबका मिळाला तर तारेवरून ओरबाडू नका. सगळ्यात खालचं सगळ्यात जुनं, तो क्रम म्हणजे अर्धी तारीख आहे. मधल्या भोकाभोवती गंज चढून एखादा शब्द खाल्लेला असतो, तो राहू द्या तसाच.

एक वाईट गोष्टही सांगायला हवी. मृत्यूची बातमी आली की कार्डाचा कोपरा फाडलेला असायचा आणि असं पत्र घरात ठेवत नसत, वाचलं की फाडून टाकत. म्हणजे त्या वर्षातलं जे सगळ्यात मोलाचं, तेच आपण रिवाजाने नाहीसं केलं. उरलंय त्यात म्हैस आणि पाऊस. म्हणून तर म्हणतो, उरलेलं तरी रद्दीत घालू नका.

पहिल्या महायुद्धात फ्रान्सला गेलेल्या हिंदी शिपायांची पत्रं सरकारचे सेन्सॉर अधिकारी वाचत आणि त्यातले उतारे इंग्रजीत करून ठेवत. ते उतारे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत, जगभरचे अभ्यासक वाचतात. मूळ पत्रं ज्या घरांत गेली तिथे फार थोडी उरली. चोरून वाचणाऱ्याने जपलं आणि ज्याच्या नावाने आलं त्याने घालवलं! राग येतो मला.

लांब कशाला? आपल्या उदगीरला १७६० साली भाऊसाहेब पेशव्यांची निजामाशी लढाई झाली. तिचे कागद पेशवे दफ्तरात राहिले. रियासतकार सरदेसाईंनी १९३० साली दफ्तरातले निवडक कागद छापायला घेतले तेव्हा पहिला खंड उदगीरचाच निघाला, पुढे ४५ खंड झाले. त्या लढाईची पत्रं तुम्ही वाचनालयात मागून वाचू शकता. तुमच्या आजोबांच्या वेळची? ती मी कुठे मागू?

पत्रं नाहीत, डायरीही आमच्या घरात कोणी लिहीत नव्हतं, असं म्हणाल. दुकान होतं ना? मग रोजमेळ असेल. १९४८च्या भाद्रपदातली, फौजा आल्या तेव्हाची पानं उघडा. कुठल्या दिवशी विक्री नाही, कोणाची उधारी अचानक चुकती झाली, कोणाचं खातं तिथेच थांबलं. तीही डायरीच.

आणि खातं थांबलेल्यांत नावं हिंदू-मुसलमान दोन्हीकडची असतील. फौजा आल्यानंतर मुसलमान वस्त्यांवर जे गुदरलं ते पाहायला भारत सरकारने पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली होती. सगळ्यात जास्त झळ लागलेल्या जिल्ह्यांत तिने उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर यांच्याबरोबर आपलं नांदेडही धरलं. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर नव्हता. त्या वस्त्यांतल्या घरांतही ट्रंका आहेत, त्यांतही पत्रं आहेत. ती त्यांनी तुमच्यासमोर उघडावीत असं वाटत असेल तर आधी आपण... असो, हा विषय मोठा आहे, घड्याळ पुढे चाललंय.

महत्त्वाचं राहिलंच. आपण लिहिलेलं पत्र आपल्या घरी नसतं, ज्याला लिहिलं त्याच्याकडे असतं. देगलूरच्या लेकी बोधनला, मदनूरला, बीदरला दिलेल्या. १९५६ला राज्यं वेगळी झाली, ट्रंका तिकडेच राहिल्या. तेव्हा दिवाळीला आत्याकडे जाल तेव्हा माळ्यावर चढा. ज्यांना त्या दिवसांचं नीट आठवतं ती माणसं आता नव्वदीच्या घरात आहेत, पत्र त्यांच्या हातात द्या आणि शेजारी बसा.

काचेपलीकडून खूण होतेय. घाईने सांगतो. पत्रांना प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका, कागद घाम धरतो. सुती फडक्यात बांधा. चिकटपट्टी अजिबात लावू नका. मोबाईलवर फोटो काढाल तर मागच्या बाजूचाही काढा, पत्ता आणि शिक्का तिकडेच असतो. तिकीट पोराच्या संग्रहासाठी कापून देऊ नका. आणि नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात इतिहासाच्या प्राध्यापकांना निदान एकदा दाखवून... वेळ संपली म्हणतात. रद्दीवाला आला तर त्याला पुढच्या आळीत पाठवा.