वर्गणीदार आणि सभासद

(गणेशोत्सवात झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



बाप्पा बुद्धीची देवता. समितीने मला विषय दिला कृत्रिम बुद्धिमत्तेचा. यंत्र काय काय करते हे तुम्ही रोज वाचता आणि तुमची मुले माझ्यापेक्षा जास्त जाणतात. म्हणून मी यंत्रांविषयी न बोलता, या विषयात काम करणारी माणसे एकत्र येऊन जी मंडळे चालवतात, त्यांच्याविषयी बोलणार आहे. आपले जसे मंडळ, तशी त्यांचीही मंडळे असतात. आपण त्यांना विद्वत्सभा म्हणू.

सर्वांत नावाजलेली सभा अमेरिकेतली. स्थापना १९७९ सालची, पहिले अध्यक्ष अ‍ॅलन न्यूवेल. बोलताना तिला सगळे 'ट्रिपल-ए-आय' म्हणतात. तिचे पहिले अधिवेशन १९८० मध्ये स्टॅनफर्डला भरले. पुढे १९८७ ते १९८९ या काळात तिचे अध्यक्ष होते राज रेड्डी, म्हणजे आंध्रातल्या कातूर गावात जन्मलेला माणूस. २००७ साली सभेने आपल्या नावातला 'अमेरिकन' हा शब्दच काढून टाकला, कारण सभासद जगभरचे झाले होते.

आता ही सभा करते काय? दरवर्षी अधिवेशन भरवते, नियतकालिक काढते, विद्यार्थ्यांना प्रवासासाठी मदत करते. सभासद कोणालाही होता येते. वर्षाची फी भरायची, विद्यार्थ्याला ती कमी असते. 'फेलो' मात्र फी भरून होता येत नाही. अनेक वर्षांचे काम पाहून सभा मोजक्या लोकांना निवडते.

पण खरे काम वेगळेच आहे, आणि ते बाहेरच्याला दिसत नाही. ते म्हणजे एकमेकांचे काम तपासणे. कोणी नवा निबंध पाठवला की त्याच विषयातली दोन-तीन माणसे तो वाचतात, चुका काढतात, शंका विचारतात. या कामाचे पैसे मिळत नाहीत. २०२५ च्या अधिवेशनासाठी सुमारे १३ हजार निबंध आले आणि त्यांतले तीन हजारांच्या आसपास स्वीकारले गेले. हे सगळे कोणीतरी रात्री जेवणानंतर बसून वाचले आहेत! आपल्या मंडळात जसे मांडवाचे वासे कोण आणतो हे पावती फाडणाऱ्याला ठाऊक नसते, तसेच हे.

सभेचे दुसरे मोठे काम म्हणजे आपल्याच माणसांना वेळेवर टोकणे. १९८४ साली या विषयाची अशीच हवा होती. कंपन्या पैसा ओतत होत्या, वर्तमानपत्रे स्तुती करत होती. त्या वर्षीच्या अधिवेशनात रॉजर शँक आणि मार्विन मिन्स्की या दोघा ज्येष्ठांनी सांगितले, की आपण लोकांना नको तितकी आशा लावतो आहोत, याने पुढे कडक हिवाळा येईल. तीन-चार वर्षांत तसेच झाले. खास या कामासाठी बनवलेल्या महागड्या यंत्रांचा बाजार १९८७ मध्ये कोसळला. बाहेरच्या टीकाकाराने हे म्हटले असते तर कोणी ऐकले नसते. घरच्या माणसाने घरच्या बैठकीत म्हटले, म्हणून ते आजही आठवते.

तुम्ही म्हणाल, हे अमेरिकेचे झाले, आपले काय? आपल्याकडे कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया १९६५ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष प्रा. आर. नरसिंहन हे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 'टिफ्रॅक' हा देशी संगणक उभारणाऱ्यांपैकी होते. यंत्राला आकृत्या कशा ओळखता येतील, हा त्यांचा अभ्यासाचा विषय. म्हणजे आपल्या देशातल्या संगणकाच्या पहिल्या मोठ्या सभेच्या खुर्चीवर बसलेला पहिला माणूस कृत्रिम बुद्धिमत्तेचाच अभ्यासक होता! १९८६ च्या सुमारास सरकारने या विषयाचा राष्ट्रीय प्रकल्प हाती घेतला आणि १९८९ च्या डिसेंबरात त्याची आंतरराष्ट्रीय परिषद मुंबईत भरली.

त्याच १९८६ साली आपल्या बंगळूरमध्येही संरक्षण संशोधन विभागाची कृत्रिम बुद्धिमत्ता व रोबोटिक्सची प्रयोगशाळा सुरू झाली. आज ती आपल्या इंदिरानगरच्या शेजारी, सी. व्ही. रामन नगरात आहे. आपल्यापैकी कित्येकजण रोज तिच्या कुंपणावरून कामाला जातात. पण तिथे पास लागतो, आणि ते योग्यच आहे. प्रयोगशाळा आणि सभा यांत हाच फरक. प्रयोगशाळेला फाटक असते. सभेला फक्त दार असते.

या दाराने काय होते त्याचे एकच उदाहरण देतो. विषय गणिताचा आहे, पण मुद्दा तोच. १९०७ साली काही गणितप्रेमींनी एक सभा काढली, तीच पुढची इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी. तिचे ग्रंथालय सुरुवातीला आपल्या पुण्यात, फर्ग्युसन कॉलेजात होते. १९११ साली तिच्या नियतकालिकात मद्रासकडच्या एका तरुणाचा निबंध छापून आला. त्याच्याकडे ना पदवी, ना नोकरी. नाव श्रीनिवास रामानुजन. केंब्रिजला पत्र जाण्याच्या आधी त्याला पहिले दार उघडले ते या सभेने.

आता थोडे घरचे. आपल्या मंडळातले एक मित्र, नाव सांगत नाही, एका मोठ्या कंपनीत वीस वर्षे सॉफ्टवेअर तपासण्याचे काम करत होते. मागच्या वर्षी ते काम यंत्राकडे गेले आणि त्यांची नोकरी गेली. ते रोज सकाळी डबा घेऊन बाहेर पडत आणि संध्याकाळी परत येत. चार महिने घरच्यांखेरीज कोणालाही कळले नाही. आपल्याला कळले ते विसर्जनाच्या रात्री, ट्रकमध्ये मूर्तीशेजारी बसल्यावर.

तेव्हापासून मी विचार करतो आहे. सभेचे सभासद असते तर त्यांची नोकरी वाचली असती का? खोटे कशाला बोलू, बहुधा नाही. सभा नोकरी देत नाही. पण काय येते आहे हे त्यांना दोन वर्षे आधी, जाहिरातबाजांकडून नव्हे तर जाणकारांकडून कळले असते. आणि ही केवळ आपलीच नामुष्की नाही, हेही कळले असते. मी स्वतः विद्यार्थी असताना सवलतीसाठी असे सभासदत्व घेतले, बायोडाटावर मिरवले आणि नोकरी लागताच फी भरायची थांबवली. मी वर्गणीदार होतो, सभासद कधीच झालो नाही. हा दोष माझा.

शेवटचा मुद्दा मराठीचा. भाषेवर काम करणाऱ्या संगणकशास्त्रज्ञांची एक जागतिक सभा आहे. २०१६ मध्ये तिचे अध्यक्ष होते आयआयटी मुंबईचे प्रा. पुष्पक भट्टाचार्य. त्यांच्या केंद्रात मराठी शब्दांचे अर्थानुसार जाळे तयार झाले आहे. हे काम का अवघड आहे? 'घर' या साध्या शब्दाचे आपण 'घरात', 'घरातला', 'घरातल्यांनी', 'घरासमोरच्यांना' असे किती करतो पाहा. यंत्राला हे सगळे एकाच घरातले आहेत हे कळायला हवे. ते कोण सांगणार? ज्याच्या घरात मराठी बोलली जाते, तो. तपासणाऱ्यांत मराठी जाणणारे नसतील तर यंत्राची मराठी भाषांतरित सरकारी परिपत्रकासारखीच राहील, आणि आपली नातवंडे तीच शिकतील.

म्हणून माझी एक विनंती आहे. तरुणांनी अशा एखाद्या सभेचे सभासद व्हावे, आणि नुसते फी भरून नव्हे. वर्षाला निदान एका व्याख्यानाला जावे, एक निबंध वाचावा, कोणाची तरी एक चूक प्रेमाने दाखवावी. ज्यांना हे एकट्याने जड वाटते, त्यांच्यासाठी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी माझ्या घरचा दिवाणखाना मोकळा आहे. एकाने काहीतरी वाचून यायचे आणि बाकीच्यांना मराठीत समजावून सांगायचे. चहा-पोहे आमच्याकडे. नोकरी असलेला, नसलेला, निवृत्त, सगळ्यांना आमंत्रण आहे. आमचे ते मित्र पहिल्या रविवारी बोलायला कबूल झाले आहेत. वीस वर्षे दुसऱ्यांच्या चुका शोधलेला माणूस आहे, आता यंत्राच्या चुका शोधून दाखवणार आहे.

 गणपती बाप्पा मोरया!