सोनेरी द्रव्याची काळी भुकटी

छिद्रे पाडणाऱ्या हत्यारांवरचा सोनेरी लेप श्रोत्यांनी पाहिला असेल. तो बहुधा टायटॅनियम नायट्राइडचा असतो. त्याच द्रव्याचे कण अब्जांश मीटरच्या मापाने मोजण्याइतके सूक्ष्म झाले, की भुकटी काळी दिसते! टायटॅनियम डायऑक्साइडची बारीक पूड अमोनिया वायूच्या प्रवाहात सुमारे १००० अंश सेल्सिअसपर्यंत तापविली, म्हणजे ऑक्सिजनची जागा नायट्रोजन घेतो. उष्णता कमी पडली तर ऑक्सिजन मागे राहतो. अधिक झाली तर कण जडून मोठे होतात.

मग पारख कशी व्हावी? क्ष-किरणांच्या रेषांचे स्थान द्रव्याची ओळख पटविते. रेषा रुंद, तर स्फटिक लहान, हे शेररने १९१८ साली दाखविले. परंतु कणांवरचा ऑक्साइडचा विरळ थर या रेषांत सहसा उमटत नाही. म्हणून पृष्ठभागाची परीक्षा निराळी करावी लागते. एकाच साक्षीवर निवाडा देणे शास्त्राला मंजूर नाही.