‘हाल्ब ड्राय’ म्हणजे किती वाजता?

जर्मनीला निघायच्या आधी थोडंफार जर्मन शिकताय? छान. ‘गुटेन टाग’ आणि ‘डांके’ तर येईलच, पण आकडे आणि वेळ आधी पक्के करा, असं मी सगळ्यांना सांगते.

आकड्यांत आपण मराठी लोक फायद्यात आहोत. सत्तेचाळीस म्हणताना आधी सात येतात, मग चाळीस. जर्मनमध्येही तसंच: ‘झीबन-उंट-फिअर्त्सिश’, सात आणि चाळीस. इंग्रजीतून शिकलात तर हे उलटं वाटतं. मराठीतून शिका, सरळ वाटेल.

खरी गडबड वेळेत होते. समजा, भाड्याची खोली बघायला घरमालकाने ‘हाल्ब ड्राय’ला बोलावलं. हाल्ब म्हणजे अर्धा, ड्राय म्हणजे तीन. आपण खुशाल साडेतीनला जाणार, आणि तोवर खोली दुसऱ्याला गेलेली! कारण हाल्ब ड्राय म्हणजे अडीच. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्धा झाला, असा हिशेब. गंमत बघा, आपला ‘अडीच’सुद्धा संस्कृतातल्या ‘अर्धतृतीय’वरून आलाय. हिशेब तोच!

म्हणून वेळ ऐकली की चोवीस तासांच्या घड्याळात परत विचारून घ्या: ‘फिअर्त्सेन ऊअर ड्रायसिश?’ म्हणजे १४:३० ना? रेल्वे स्टेशनच्या बोर्डावरही वेळ अशीच असते. समोरून ‘या’, म्हणजे ‘हो’, आलं की निर्धास्त व्हा.

आज एवढंच करा: मोबाईलचं घड्याळ चोवीस तासांवर लावा आणि दिवसभर वेळ जर्मनमध्ये मोठ्याने वाचा. चला, च्यूस!