मुलाला ‘ढ’ ठरविण्यापूर्वी
(पालकांच्या सभेत दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आरोपीचे म्हणणे ऐकल्यावाचून न्यायालय त्याला शिक्षा देत नाही. आपल्या घरातल्या मुलाला मात्र हा न्याय मिळत नाही. फळ्यावरचे आकडे त्याने चुकीचे उतरविले की शाळा त्याला ‘ढ’ म्हणते आणि आपण त्याच्यावर हात उगारतो. त्याला फळा दिसतो काय, हे कोणीच विचारीत नाही.

हा अपराध मीही केला आहे. माझा मुलगा नऊ वर्षांचा होईपर्यंत मी त्याला निष्काळजी म्हणत आलो. चष्मा मिळाला त्या दिवशी त्याने रस्त्यापलीकडच्या दुकानाची पाटी मला वाचून दाखविली. त्या रस्त्याने आम्ही रोज जात होतो. त्याने कधी तक्रार केली नव्हती, कारण जग सर्वांनाच असे अंधुक दिसते अशी त्याची समजूत होती.

डोळ्यात शिरणारा प्रकाश आतील पडद्यावर नेमका एकत्र यावा लागतो. तो पडद्याच्या अलीकडेच एकत्र आला तर लांबचे अस्पष्ट दिसते, ही ऱ्हस्वदृष्टी. तिला अंतर्गोल भिंग लागते. दीर्घदृष्टीला बहिर्गोल भिंग लागते. एका डोळ्यात मोठा दोष असून दुसरा चांगला असेल, तर मूल चांगल्या डोळ्यावर काम भागविते आणि दोष लपून राहतो. मेंदू मग त्या दुर्बळ डोळ्याकडे दुर्लक्ष करू लागतो. यावर सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाला तर गुण चांगला येतो. पुढे तो कठीण होत जातो.

चष्म्याने डोळे अधिक बिघडतात, ही समजूत खोटी आहे. मुलीला चष्मा लावला तर तिचे लग्न जमणार नाही, असे म्हणणारे पालकही मला भेटतात. त्यांना मी विचारतो, भावी सासरच्या पसंतीसाठी मुलीने आजपासून अंधुक जगात का राहावे? समतेची भाषा बोलणाऱ्या घरात मुलीचा डोळा मुलाच्या डोळ्याहून स्वस्त असता कामा नये.

सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा 2009 चा कायदा 1 एप्रिल 2010 पासून अंमलात आहे. परंतु ज्याला फळा दिसत नाही, त्याचा हक्क कागदावरच राहतो. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीची तरतूद आहे. पथके अंगणवाड्यांत व सरकारी शाळांत जातात. पथक आले त्या दिवशी आपले मूल हजर होते काय, हे शाळेत जाऊन विचारा. हे मागणे म्हणजे याचना नव्हे.

आज घरी गेल्यावर मुलाचा एकेक डोळा झाकून त्याला भिंतीवरची दिनदर्शिका लांबून वाचावयास सांगा. दोन डोळ्यांत फरक आढळला, अथवा मूल डोळे बारीक करीत असेल, तर नेत्रतज्ज्ञाकडे न्या. फरक न आढळला तरी शाळेत घालण्यापूर्वी एकदा तपासणी कराच. मुलांना रोज दोन तास उघड्यावर खेळू द्या. त्याने ऱ्हस्वदृष्टी जडण्याचा संभव कमी होतो.

आधी पुरावा तपासा, निकाल मागाहून द्या. एवढीच माझी विनंती आहे.