निळ्या हेल्मेटचा जमाखर्च



सदाशिव पेठेत बोलायचं म्हणजे हिशेब चोख हवा. म्हणून शौर्यकथा बाजूला ठेवतो. २०१८-१९मध्ये मी काँगोत, गोमा इथल्या भारतीय ब्रिगेडमध्ये होतो. रसद माझ्याकडे होती. मघाशी चहाच्या वेळी आपल्यातल्याच एकानं विचारलं, "यूएन डॉलर देते ना रे? मग ही भाडोत्री फौजच की!"

डॉलर येतात, पण सरकारकडे. तेव्हा दर होता माणशी दरमहा १,४२८. नेपाळ असो वा नेदरलँड्स, दर एकच. युरोपातल्या सरकारला त्यात पगारही भागवता येत नाही, म्हणून ते देश पैसे देतात आणि माणसं आपण. जवानाच्या हातात यूएन थेट ठेवते तो भत्ता दिवसाला १ डॉलर २८ सेंट. टिळक रोडवर एक मिसळ! परदेशभत्ता आपलं सरकार देतं, तो वेगळा.

गाड्या, जनरेटर, तंबू आपलेच. त्यांचं भाडं मिळतं. पण दर तिमाहीला यूएनचे निरीक्षक येऊन एकेक गाडी चालू करून बघतात. ठरावीक मर्यादेपेक्षा जास्त बंद निघाल्या की पैसे कापले. गोम्यातले रस्ते ज्वालामुखीच्या लाव्ह्यावरचे, टायर टिकत नाहीत, सुटे भाग यायचे भारतातून. गाडी बंद, भाडं बंद. गस्त मात्र चालूच.

आणि हे पैसे तरी वेळेवर कुठे? अमेरिकेची वर्गणी चौथाईहून जास्त, आपली अर्धा टक्काही नाही. मोठ्यांनी थकवलं की यूएन आपलं देणं थकवते. मार्च २०१९मध्ये भारताचे ३ कोटी ८० लाख डॉलर अडकले होते. ते सुद्धा बिनव्याजी! काँगोला हे नवं नाही. १९६०च्या मोहिमेचा खर्च सोव्हिएत रशिया आणि फ्रान्सनं नाकारला, तेव्हा यूएनला रोखे काढावे लागले होते.

१९९७पर्यंत तर शहीद जवानाची भरपाईही ज्याच्या त्याच्या देशाच्या कायद्यानं ठरायची. मग सर्वांना सारखी झाली. भारताचे १७०हून अधिक जवान या मोहिमांत गेले, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. भाडोत्री म्हणणाऱ्यानं हा आकडाही खात्यात धरावा.

२०२५च्या ऑक्टोबरमध्ये यूएननं पैशाअभावी चौथाई शांतिसैनिक कमी करायचं जाहीर केलं. आमची गस्त असेल त्या दिवशी तिथल्या बायका डोक्यावर कसाव्याची पोती घेऊन बाजाराला निघायच्या. नसेल त्या दिवशी रस्ता रिकामा.