माया लोकांची जळालेली पुस्तके

(संस्थेच्या विद्यार्थी अभ्यासवर्गात दिलेल्या भाषणाचे लेखी रूप)



मी इतिहासाचा प्राध्यापक नाही. कला शाखेची पदवी घेतली आणि बँकेत कारकून म्हणून लागलो. दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजायचे आणि रात्री जेवणानंतर पुस्तक उघडायचे, असा माझा शिरस्ता आहे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा न ठेवता ऐकावे, ही विनंती.

आज सकाळी आपल्या बहुतेकांच्या घरी फोडणीत मिरची पडली असेल, कोणी टोमॅटो चिरला असेल. साडेपाचशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रात या दोन्ही वस्तू कोणी पाहिलेल्या नव्हत्या. मेक्सिकोच्या बाजूच्या शेतकऱ्यांनी हजारो वर्षे खपून मिरची आणि मका ही पिके घडवली आणि युरोपीय गलबतांतून ती जगभर गेली. टोमॅटो हे नावसुद्धा तिकडच्या नाहुआत्ल भाषेतल्या 'तोमात्ल' या शब्दावरून आले. ज्यांचे आपण रोज खातो, त्यांची माहिती आपल्याला किती? 'नरबळी देणारे रानटी लोक' किंवा 'गूढपणे नाहीसे झालेले माया', याच्या पलीकडे फारशी नाही. २०१२ साली डिसेंबरात जग बुडणार अशी आवई उठली होती आणि तीही या मायांच्या कालगणनेच्या नावावर खपवली गेली. आमच्या शाखेतले एक सहकारी तेव्हा म्हणाले, "चला, कर्जाचे हप्ते वाचले." वास्तविक त्या दिवशी मायांच्या कालगणनेतले एक मोठे आवर्तन पुरे होत होते, इतकेच. आपले वर्ष संपते आणि भिंतीवरची दिनदर्शिका बदलते, तसे.

हा प्रदेश म्हणजे आजचा मध्य व दक्षिण मेक्सिको, ग्वाटेमाला, बेलिझ आणि होंडुरास व एल साल्वादोरचा काही भाग. अभ्यासक याला मेसोअमेरिका म्हणतात. येथे इसवी सनापूर्वी सुमारे १२०० पासून ओल्मेक लोकांनी अजस्र दगडी शिरे कोरली. अशी १७ शिरे आजवर सापडली आहेत. पुढे तिओतिवाकान हे शहर उभे राहिले. तेथील सूर्याचा पिरॅमिड सुमारे ६५ मीटर उंच असून शहराची वस्ती ऐन भरात लाखाच्या घरात होती. हे सारे लोखंडी हत्याराशिवाय झाले, हे विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. ओझ्याला बैल नव्हता, घोडा नव्हता. चाक ठाऊक होते, पण ते लहान मातीच्या प्राण्यांना लावलेले, खेळण्यासारखे. गाडी ओढायला जनावरच नाही तर चाकाचे करायचे काय?

त्यानंतरचे अॅझ्टेक लोक. त्यांचे तेनोच्तित्लान हे तळ्यातले शहर १३२५ साली वसले असे परंपरा सांगते. तेच आजच्या मेक्सिको सिटीच्या पोटात आहे. सूर्य कसा जन्मला याची त्यांची एक कथा आहे. जग अंधारात असताना देव तिओतिवाकानला जमले. कोणीतरी अग्नीत उडी घेऊन सूर्य व्हायचे होते. एक देव श्रीमंत, भारी पिसांची आणि रत्नांची दाने आणलेला. तो चार वेळा आगीपर्यंत गेला आणि चारही वेळा मागे फिरला. दुसरा गरीब, अंगभर फोड आलेला, ज्याला कोणी मोजत नव्हते. त्याने डोळे मिटले आणि उडी घेतली. तोच सूर्य झाला. कथा मोठी आहे, मला ती फार आवडते. परंतु देवांनी स्वतःला दिले म्हणून सूर्य चालतो, तर त्याला चालता ठेवण्यासाठी माणसांचे रक्त हवे, असा पुढचा अर्थ पुरोहितांनी आणि राजांनी लावला. मेक्सिको सिटीत २०१५ पासून उत्खननात कवट्यांचा मनोरा सापडला. २०२० पर्यंत त्यातल्या सहाशेहून अधिक कवट्या मोजल्या गेल्या होत्या, त्यांत बायका आणि मुलेही आहेत. हे झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ज्या समाजाविषयी आपल्याला प्रेम वाटते त्याचे क्रौर्य सांगायचे नाही, हा इतिहास नव्हे.

बँकवाल्याला रस वाटेल अशी एक गोष्ट सांगतो. त्यांच्याकडे सुटे पैसे म्हणजे कोकोच्या बिया. १५४५ सालची तलाश्काला येथील बाजारभावांची यादी उपलब्ध आहे. एक मोठा टोमॅटो एका बीला, टर्कीचे अंडे तीन बियांना, आणि चांगली टर्की कोंबडी शंभर भरीव बियांना. बिया आकसलेल्या असतील तर एकशेवीस! म्हणजे फाटक्या नोटेला बट्टा तेथेही होता. इतकेच नव्हे, तर बीचे टरफल सोडवून आत माती भरणारे बहाद्दरही होते. नकली चलनाचा धंदा किती जुना आहे पाहा.

आता मूळ विषयाकडे येतो.

माया लोकांचा एकच राजा, एकच साम्राज्य कधी नव्हते. तिकाल, पालेंके, कोपान, पिएद्रास नेग्रास अशी अनेक नगरराज्ये होती आणि इसवी सन २५० ते ९०० हा त्यांचा भरभराटीचा काळ. त्यांचे आकडे मला विशेष ओढ लावतात. ठिपका म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, आणि मोजणी विसाच्या पटीत. आपल्याकडे जुनी माणसे 'तीन इसा' म्हणत, तसेच. शून्यासाठी शिंपल्यासारखे चिन्ह होते. भारताशी कसलाही संबंध नसताना त्यांनी शून्य स्वतः शोधले. शिवाय पूर्ण लेखनकला होती. उंबराच्या कुळातल्या झाडाच्या सालीचा कागद करून, त्यावर चुन्याचा लेप देऊन, पंख्यासारख्या घड्या घातलेली पुस्तके ते रंगवीत. लिहिणारा आणि चित्र काढणारा यांना त्यांच्या भाषेत शब्द एकच होता.

या पुस्तकांचे पुढे काय झाले? १५६२ साली युकातानमधील मानी या गावी फ्रान्सिस्कन धर्मप्रमुख दिएगो दे लांदा याने मूर्तिपूजेची चौकशी आरंभली. माणसांना टांगून, फटके मारून कबुलीजबाब घेतले गेले, कित्येक त्यात मेले. हजारो मूर्ती फोडल्या गेल्या आणि पुस्तकांची होळी झाली. सत्तावीस पुस्तके जाळली असा आकडा सांगितला जातो. ही पुस्तके म्हणजे सैतानाचा खोटेपणा, असे त्याचे म्हणणे होते. लोकांना याचे अतोनात दुःख झाले, हेही त्यानेच लिहून ठेवले आहे. आज साऱ्या जगात मायांची प्राचीन पुस्तके उरली आहेत चार.

पण येथे एक विलक्षण गोष्ट घडते. या अत्याचारांबद्दल लांदावर आरोप झाले, त्याला स्पेनला जावे लागले. तेथे १५६६ च्या सुमारास त्याने युकातानच्या लोकांविषयी एक ग्रंथ लिहिला आणि त्यात मायांची 'मुळाक्षरे' दिली. ती त्याने मिळवली होती एका माया लेखकाला समोर बसवून. लांदा स्पॅनिश उच्चाराने 'बे' म्हणाला की त्याला अक्षर 'ब्' हवे असायचे. समोरच्याने ऐकले 'बे'. मायांच्या भाषेत 'बे' म्हणजे वाट. त्याने पावलाचा ठसा असलेले वाटेचे चिन्ह काढून दिले. चूक कोणाची? आपण देवनागरीवाले हे लगेच समजू शकतो. आपणही इंग्रजी आद्याक्षरे 'बी. आर.' अशीच लिहितो, कारण आपल्या लिपीत व्यंजनाबरोबर स्वर येतो. लांदाला हे कळलेच नाही. शेवटी एखादे पूर्ण वाक्य लिहून दाखव, असे त्याने सांगितले असावे. त्या माणसाने जे लिहिले ते ग्रंथात जसेच्या तसे उतरले आहे: 'मा इन काति'. अर्थ, मला नको आहे!

तो वैतागून म्हणाला की ठरवून, हे सांगता येणार नाही. मला मात्र ते वाचल्यावर त्या रात्री झोप लागली नाही. ज्याने पुस्तके जाळली त्याच्याच पुस्तकात हे तीन शब्द पुढची तीनशे वर्षे पडून होते. १८६२ साली माद्रिदमध्ये त्या ग्रंथाची प्रत सापडली, परंतु त्यातल्या 'मुळाक्षरां'नी काहीच वाचता येईना. ती टाकाऊ ठरवली गेली. एरिक थॉम्प्सन हे त्या क्षेत्रातले मोठे ब्रिटिश विद्वान. मायांचे लेख म्हणजे ज्योतिषी पुरोहितांची कालगणना, त्यांत राजे नाहीत, लढाया नाहीत, असे त्यांचे मत होते. कोणाची भाषा आपल्याला वाचता येत नाही म्हणून त्यांना सांगण्यासारखा इतिहासच नव्हता, असे म्हणणे किती सोपे असते!

कोडे सोडवले ते लेनिनग्राडच्या एका तरुणाने, युरी क्नोरोझोव याने, १९५२ साली. तोवर त्याने मायांचा देश पाहिलाही नव्हता. त्याने म्हटले, लांदाची चिन्हे अक्षरे म्हणून न घेता 'कु', 'लु' अशी स्वरासहित घ्या. एका माया पुस्तकात टर्कीच्या चित्रावर दोन चिन्हे आहेत. पहिले लांदाचे 'कु'. टर्कीला माया भाषेत 'कुत्स' म्हणतात, म्हणजे दुसरे चिन्ह 'त्सु' असले पाहिजे, शेवटचा स्वर न उच्चारता. आता कुत्र्याच्या चित्रावर पाहू. तेथे पहिले चिन्ह हेच 'त्सु' आणि दुसरे लांदाचे 'लु'. झाले 'त्सुल'. जुन्या माया शब्दकोशात त्सुल म्हणजे कुत्रा! थॉम्प्सन यांनी १९७५ साली मरेपर्यंत हे मान्य केले नाही. शीतयुद्धाच्या दिवसांत रशियाकडून आलेले काहीही संशयितच असे. क्नोरोझोव प्रथम ग्वाटेमालात गेले ते १९९० साली.

मधल्या काळात, १९६० साली, तातियाना प्रोस्कुरियाकोफ या बाईंनी पिएद्रास नेग्रासच्या शिलास्तंभांवरील तारखा मांडून पाहिल्या. प्रत्येक गटातल्या तारखा एका माणसाच्या आयुष्यात बसतात, असे त्यांना दिसले. म्हणजे हे देव नव्हते, जन्मलेले आणि गादीवर बसलेले राजे होते. ज्या आकृत्या पुरोहित समजल्या जात त्यांतल्या अनेक स्त्रिया निघाल्या. या बाई मूळच्या वास्तुशास्त्राच्या पदवीधर, नकाशे आणि चित्रे काढण्यासाठी नेमलेल्या. १९७३ साली पालेंके येथे जमलेल्या अभ्यासकांनी एका दुपारी तेथील राजांची यादी लावली. त्यांत लिंडा शील या चित्रकलेच्या शिक्षिका होत्या आणि एक विद्यार्थीही होता. पाकाल राजा ६१५ साली बाराव्या वर्षी गादीवर आला आणि ६८३ साली वारला, हे आज आपण जाणतो ते त्या वाचनामुळे.

आता मायांच्या 'नाहीसे होण्या'विषयी. दक्षिणेकडची अनेक नगरे नवव्या शतकात ओस पडली, हे खरे. दुष्काळ, लढाया, राजांवरचा उडालेला विश्वास अशी कारणे दिली जातात. पण माणसे कोठे गेली नाहीत. आजही साठ लाखांहून अधिक लोक सुमारे तीस माया भाषा बोलतात. ग्वाटेमालात १९६० ते १९९६ यादवी युद्ध चालले, दोन लाखांवर माणसे मेली वा बेपत्ता झाली. १९९९ साली सत्यशोधन आयोगाने अहवाल दिला, त्यात ओळख पटलेल्या बळींपैकी ८३ टक्के माया होते. ज्यांना पुस्तकांत 'लुप्त' म्हणत होते, त्यांचीच खेडी १९८० नंतरच्या वर्षांत जाळली जात होती. किचे माया समाजाच्या रिगोबेर्ता मेंचू यांना १९९२ साली शांततेचे नोबेल मिळाले ते याच काळात.

आणि याच ग्वाटेमालात १९८० च्या दशकाच्या अखेरीस लिंडा शील आणि निकोलाय ग्रूबे यांनी माया शिक्षकांसाठी आणि तरुणांसाठी जुनी लिपी शिकवण्याच्या कार्यशाळा सुरू केल्या. वाचायला शिकणारे शेतकऱ्यांच्या घरातले होते. चिन्हांचा उच्चार पाहुण्यांनी सांगितला, पण कित्येक शब्दांचा अर्थ त्यांना घरच्या बोलण्यातूनच ठाऊक होता. आता नवे शिलास्तंभही त्या लिपीत कोरले जातात.

उरलेली चार पुस्तके ड्रेस्डेन, माद्रिद, पॅरिस आणि मेक्सिको सिटी येथे आहेत. चौथे खरे की बनावट, हा वाद बरीच वर्षे चालला. २०१८ साली मेक्सिकोच्या तज्ज्ञांनी तपासणीनंतर ते खरे ठरवले.

वेळ झाली आहे, अध्यक्ष घड्याळाकडे पाहत आहेत. मागच्या फळ्यावर मी ठिपके, रेघा आणि शिंपले काढून पाच आकडे लिहून ठेवले आहेत. चहा येईपर्यंत विद्यार्थ्यांनी ते वाचून पाहावेत. शेवटचा जरा अवघड आहे. जयभीम.