पर्जन्यमान आणि आपला विवेक
(वार्षिक संमेलनातील व्याख्यान)



आपल्या समाजातील कित्येक कुटुंबे आजही शेतीवर, आणि कित्येक शेतीवर अवलंबून असलेल्या व्यापारउदिमावर आपला चरितार्थ चालवितात. ‘यंदा पाऊसपाणी कसे होणार?’ हा प्रश्न म्हणूनच आपणां सर्वांच्या घरचा आहे. त्यामागील शास्त्राची अल्प ओळख करून देण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक भेद ध्यानी घेतला पाहिजे. आज ऊन पडले, उद्या सरी आल्या, ही झाली हवा. पुष्कळ वर्षांच्या मोजमापांतून प्रदेशाचा जो स्वभाव दिसून येतो, ते त्याचे जलवायुमान. त्यासाठी साधारणतः तीस वर्षांच्या नोंदी प्रमाण मानतात. महाबळेश्वरी वर्षाकाठी पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. तेथून सुमारे शंभर किलोमीटरांवरील दहिवडीकडे पाचशेच्या आसपास. सह्याद्रीने पावसाळी वारे अडविल्याचा हा परिणाम. माणदेशात एके वर्षी ओढे दुथडी वाहिले, म्हणून तेथील जलवायुमान पालटले असे होत नाही.

या शास्त्राचा आपल्या देशातील इतिहास दुष्काळाशी निगडित आहे. १८७५ साली हवामान खाते स्थापन झाले आणि पुढच्याच वर्षी दख्खनवर घोर दुष्काळ कोसळला. खात्याचे पहिले प्रमुख हेन्री ब्लॅनफर्ड यांनी हिमालयातील हिवाळी बर्फ व पुढील मोसमी पाऊस यांचा संबंध ताडला. बर्फ अधिक, तर पाऊस उणा. त्या आधारे १८८६ पासून पावसाचे दीर्घ मुदतीचे अंदाज रीतसर निघू लागले. पुढे गिल्बर्ट वॉकर या गणितज्ञाने जगभरच्या नोंदी पडताळल्या. प्रशांत महासागरावर वायुभार वाढला की हिंदी महासागराच्या बाजूस तो घटतो, आणि उलटही घडते, असे त्यास दिसले. या हेलकाव्याचा ‘एल् निनो’शी, म्हणजे पूर्व प्रशांत महासागराचे पाणी तापण्याशी, असलेला संबंध १९६९ साली याकोब ब्येर्कनेस यांनी उलगडून दाखविला. आपल्या वडीलधाऱ्यांच्या स्मरणातील १९७२ चा दुष्काळ अशाच एका एल् निनोच्या वर्षी पडला.

तथापि हा नियम अटळ नव्हे. १९९७ साली एल् निनो अतिप्रबळ असूनही देशात पाऊस सरासरीइतका झाला. २००२ साली अंदाज सामान्य पावसाचा होता. प्रत्यक्षात सुमारे एकोणीस टक्के तूट आली. म्हणून शास्त्र खोटे ठरत नाही. ते शक्यता सांगते, भविष्य वर्तवीत नाही. शिवाय देशाच्या सरासरीवरून आपल्या शिवाराचा पाऊस कळत नाही.

आणखी एक गोष्ट चिंतनीय आहे. मध्य भारतातील १९५१ पासूनच्या नोंदी तपासता अतिवृष्टीचे प्रसंग वाढल्याचे आणि मध्यम पावसाचे घटल्याचे संशोधकांना आढळले. म्हणजे बेरीज तीच राहूनही पाणी एकदम येते व वाहून जाते. विहिरीच्या झऱ्यांना मात्र संथ पाऊसच मानवतो.

आता मुद्द्याची गोष्ट. एक सुगी साधली की तिच्या भरवशावर आपण कर्ज काढून लग्नाचा बार उडवून देतो, कमी पाण्याच्या मुलखात ऊस लावतो. आणि पुढील अवर्षणात सावकाराचे दार ठोठावतो. एका वर्षाच्या हवेवर तीस वर्षांचा संसार उभारण्याचा हा अविचार होय. घरचा बेत चांगल्या वर्षावर न आखता आपल्या तालुक्याच्या अनेक वर्षांच्या पर्जन्यमानावर आखावा, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

गावोगावच्या बांधवांनी एक पर्जन्यमापक बसवावा आणि पावसाळ्यात रोज सकाळी शाळकरी मुलामुलींकडून नोंद करवून घ्यावी. आज ती वही क्षुल्लक वाटेल. तीस वर्षांनी तीच आपल्या नातवंडांची शिदोरी ठरेल.